बायबल रोज वाचायचं आहे, पण लेवीयपाशी अडकायचं नाही

माझ्या जुन्या बायबलला खुणेची एक कापडी फीत आहे. कितीतरी वर्षं ती एकाच जागी पडून होती: लेवीय, म्हणजे बायबलमधलं तिसरं पुस्तक, अध्याय १३. तीन वेगवेगळ्या वर्षी मी १ जानेवारीला उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, सुरुवात केली आणि तिन्ही वेळा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथेच बसलो. पुढे एकदा हिशेब मांडला, तेव्हा जरा हायसं वाटलं. उत्पत्तीचे अध्याय ५०, निर्गमचे ४०. रोज तीन अध्याय धरले तर ३० जानेवारीला निर्गम संपतं, ३१ला लेवीय लागतं आणि ४ फेब्रुवारीला तुम्ही याजकाने, म्हणजे पुरोहिताने, कातडीवरचा चट्टा कसा तपासावा हे वाचत असता. तोवर नव्या वर्षाचा उत्साहही ओसरलेला असतो. एक दिवस चुकतो, मग दोन, मग राहिलेल्या अध्यायांचा ढीग बघून पुस्तक उघडावंसंच वाटत नाही.

त्यामुळे माझं मत असं झालंय की बायबल वाचायची सवय आळसामुळे कमी मोडते आणि थकबाकीमुळे जास्त. खाली जे काही सांगतोय त्याचा सगळा रोख तिकडेच आहे. तुम्ही ख्रिस्ती घरात वाढलेले असाल, नुकतेच विश्वासात आलेले असाल किंवा नुसतं कुतूहल असेल, तरी सुरुवात याच वाटेने करता येईल.

आधी हातात काय आहे ते बघा

बायबल दिसतं एक पुस्तक, पण आहे पुस्तकांचं कपाट. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३. फरक जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या भागात, आहे. नवा करार दोघांचाही २७ पुस्तकांचाच. या कपाटात इतिहास आहे, कायदे आहेत, गाणी आणि म्हणी आहेत, संदेष्ट्यांची खरमरीत भाषणं आहेत, येशूची गोष्ट सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समाजांना, लिहिलेली पत्रं आहेत आणि अगदी शेवटी प्रकटीकरणातली दर्शनं. कपाटातली पुस्तकं आपण डावीकडून उजवीकडे ओळीने वाचत नाही. इथेही तशी सक्ती नाही.

पहिल्या दिवशी एवढंच करा: अनुक्रमणिकेचं पान उघडा आणि पेन्सिलीने प्रत्येक पुस्तकापुढे त्याच्या अध्यायांची संख्या लिहा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, आणि त्यातून भीती निम्मी होते. स्तोत्रसंहितेचे १५० अध्याय दिसतील, तसा ओबद्याचा एकच अध्यायही दिसेल. फिलेमोन, योहानाचं दुसरं आणि तिसरं पत्र, यहूदा हीसुद्धा एकेका अध्यायाचीच. रूथ चार अध्यायांचं, योना चार अध्यायांचं. एका बैठकीत संपतील अशी ही पुस्तकं आहेत, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच कळलेली बरी. अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते. आज वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, इंग्रज धर्मगुरू स्टीफन लँग्टनच्या नावावर आहे. नव्या करारातल्या वचनांचे आकडे रोबेर एतिएन या छापखानेवाल्याने १५५१ मध्ये घातले. काम सोयीचं झालं, पण काही ठिकाणी कात्री चुकीच्या जागी लागली आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सहा दिवसांची निर्मिती होते आणि सातव्या दिवसाचा विसावा जातो दुसऱ्या अध्यायात. म्हणून ‘आजचा अध्याय’ हे माप पवित्र मानू नका. मजकुरावर छापलेली छोटी शीर्षकं बघा. बहुतेक वेळा एक प्रसंग म्हणजे एक शीर्षक, आणि तेवढा भाग दिवसाला भरपूर होतो.

भाषांतर निवडताना

वाचताना प्रत्येक ओळीला ठेच लागत असेल तर सवय लागणार नाही. मराठीत बायबलची भाषांतरं दोनशे वर्षांहून अधिक काळ होत आली आहेत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. उपासनेत बहुधा ऐकू येतं ते भाषांतर थोडं जुन्या वळणाचं आहे. त्याची लय सुंदर आहे, पण ‘प्रायश्चित्त’, ‘नीतिमान’, ‘अभिषिक्त’ असे शब्द नवख्याला थांबवतात. अलीकडच्या मराठीतली भाषांतरंही आहेत आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ही आहे.

माझा सल्ला असा: रोजच्या वाचनाला सोपं भाषांतर घ्या, आणि एखादं वचन मनात रुतलं की तेच जुन्या वळणाच्या भाषांतरात बघा. पाठांतराला दुसरं बरं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ यातलं ‘उणे पडणार नाही’ सोपं करून लिहिलं तर अर्थ तोच राहतो, पण तोंडात तसं बसत नाही. मात्र दर आठवड्याला भाषांतर बदलू नका. पानावरची जागा डोळ्यांना ओळखीची होणं हाही सवयीचाच भाग आहे. नेमकं कुठे ते आठवत नसतं, पण ‘डाव्या पानावर, खाली’ एवढं आठवतं आणि ते वचन सापडतं.

कागद की मोबाइल? सुरुवातीला कागद. मोबाइलवरची बायबल ॲप चांगली आहेत. यूव्हर्जन तर २००८ पासून आहे, त्यात वाचनाच्या योजना मिळतात आणि ऐकायचीही सोय आहे. पण ज्या काचेवर वचन उघडतं त्याच काचेवर बाकीचं जगही टकटक करत असतं. मोबाइलच वापरणार असाल तर वाचताना बाकीच्या सूचना बंद ठेवा.

कुठून सुरू करायचं

मार्ककृत शुभवर्तमानापासून. याला पर्याय नाहीत असं नाही, पण नवख्या माणसाला मी दुसरं नाव सुचवत नाही. चारही शुभवर्तमानांत हे सगळ्यात छोटं, १६ अध्यायांचं. यात जन्मकथा नाही, वंशावळी नाही. पहिल्याच पानावर बाप्तिस्मा होतो, अरण्य येतं, मासे पकडणारे जाळी सोडून निघतात. ‘लगेच’ हा शब्द इतक्यांदा येतो की वाचताना चालण्याचा वेग वाढल्यासारखा वाटतो. संपूर्ण मार्क मोठ्याने वाचायला साधारण दीड तास लागतो.

‘नवा करार मत्तयपासून सुरू होतो, मग मत्तय का नको?’ असं कुणी विचारतं. जरूर वाचा, पण नंतर. मत्तयचं पहिलं पान म्हणजे नावांची रांग, आणि ती रांग ज्याला जुना करार माहीत आहे त्याच्याशीच बोलते. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको ही चार नावं त्या यादीत काय करताहेत, हा प्रश्न पडण्याइतकी ओळख आधी व्हायला हवी.

वेळ आणि खुंटी

‘रोज सकाळी वाचेन’ हा निश्चय फार मोघम आहे. सकाळ मोठी असते आणि ती कशातही निघून जाते. आधीपासून न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला वाचन टांगा: दात घासून झाले की, चष्मा चढवला की, रात्री दाराला कडी लावली की. ही खुंटी जितकी नेमकी, तितकं आठवण ठेवायचं ओझं कमी. पुस्तकही त्या खुंटीच्या जवळच असू द्या, उघडं आणि पेन्सिलीसकट. कपाटातून काढावं लागणारं बायबल आठवड्याभरात कपाटातच राहतं.

पहाटेच वाचावं असा एक धाक बऱ्याच घरांत असतो. पहाट चांगलीच. पण ज्याला सकाळी डोळा उघडत नाही त्याने पहाटे पाचचा नेम धरला तर चौथ्या दिवशी तो झोपेला आणि बायबलला दोघांनाही चुकवतो. स्तोत्र १ मधला धन्य पुरुष रात्रंदिवस मनन करतो. घड्याळाचा आकडा तिथे दिलेला नाही.

आणि किती दिवसांत सवय लागते? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी एकेक नवी सवय लावून पाहिली. ती अंगवळणी पडायला लागलेला मधला आकडा ६६ दिवस निघाला. प्रोटेस्टंट बायबलमधल्या पुस्तकांइतकाच हा आकडा आहे, पण त्यात गूढ शोधत बसू नका. महत्त्वाचं पुढे आहे: कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

किती वाचायचं

वाटतं त्यापेक्षा कमी. पहिला महिनाभर दिवसाला एक प्रसंग, दहा ते वीस वचनं, बस्स. दहा मिनिटं ठरवून दहाच मिनिटं वाचा. मन रमलं आणि पुढे वाचावंसं वाटलं तर वाचा, पण उद्याचा नेम वाढवू नका. आज रंगात येऊन चार अध्याय वाचले म्हणून उद्याही चार, हा मोह सवयीला मारक आहे.

कमी वाचण्याची लाज वाटत असेल तर इतिहास आधाराला आहे. जर्मनीतल्या हेर्नहुट इथल्या मंडळीने १७२८ मध्ये रोज एकच वचन घरोघरी पोहोचवायला सुरुवात केली. १७३१ साठी ती वचनं पुस्तकरूपाने छापली गेली, आणि तो परिपाठ आजही चालू आहे. दिवसाला एक वचन! मात्र ते दिवसभर सोबत बाळगायचं.

वाचायचं कसं: एक प्रसंग जवळून

सुरुवातीला एका ओळीची प्रार्थना करा. स्तोत्र ११९ मधला कवी मागतो तेच मागा: डोळे उघड, म्हणजे मला दिसेल. विश्वास नसेल तर मिनिटभर नुसते शांत बसा.

मग मोठ्याने वाचा. निदान ओठ हलू द्यात. स्तोत्र १ मध्ये आणि यहोशवाच्या पहिल्या अध्यायात जिथे ‘मनन’ म्हटलं आहे, तिथलं हिब्रू क्रियापद पुटपुटण्याचं आहे. यशया ३१ मध्ये तेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आलंय. म्हणजे मनन ही डोळे मिटून गप्प बसण्याची गोष्ट नव्हती. शब्द दाताखाली घोळवण्याची होती. प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचतो आणि येशूचा अनुयायी असलेल्या फिलिप्पाला ते ऐकू येतं. ऐकू येतं, कारण तो मोठ्याने वाचत होता.

आता मार्क ४ घ्या, वचनं ३५ ते ४१. सातच वचनं. पहिल्यांदा सरळ वाचा. गोष्ट माहितीची आहे: होडी, वादळ, येशू उठतो, वारा पडतो. बहुतेक जण इथे पुस्तक मिटतात. मिटू नका, पुन्हा वाचा, आणि या वेळी हातात पेन्सिल घ्या. जे शब्द नसते तरी गोष्ट चालली असती, अशा शब्दांखाली रेघ ओढा.

संध्याकाळ झाली होती. म्हणजे पुढचं सगळं अंधारात घडतंय. ‘दुसऱ्याही नावा त्याच्याबरोबर होत्या’ असं मार्क म्हणतो आणि त्या नावांचं पुढे काहीच सांगत नाही. वादळ त्यांच्यावरही आलं असणार. शांतताही त्यांना मिळाली असणार, कोणामुळे ते न कळता. मग उशी. येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर झोपला आहे. हाच प्रसंग मत्तय आणि लूकही सांगतात, पण उशी फक्त मार्कमध्ये आहे. नावेत पाणी भरतंय आणि लिहिणाऱ्याला उशी सांगावीशी वाटली. मी या एका शब्दावर एकदा तीन दिवस रेंगाळलो, आणि ते तीन दिवस वाया गेले असं मला अजूनही वाटत नाही.

शिष्य त्याला उठवतात तेव्हा काय म्हणतात ते बघा. मत्तयमध्ये ते ‘वाचव’ म्हणतात. मार्कमध्ये ती तक्रार आहे: आम्ही बुडतोय, तुला काहीच कसं वाटत नाही? आणि शेवट तर उलटाच. ‘ते फार भ्याले’ हे शब्द मार्कने वादळ शमल्यानंतर लिहिलेत. लाटांपेक्षा नावेत बसलेल्या माणसाची भीती मोठी निघाली.

एवढं दिसलं की स्वतःला तीन प्रश्न विचारा. इथे कोण कोणाशी बोलतंय? मला खटकलं किंवा चकित केलं ते काय? आणि यावर मला देवाला काय म्हणायचंय? तिसऱ्याचं उत्तर हीच त्या दिवसाची प्रार्थना. शिष्यांच्या तक्रारीसारखी तक्रारसुद्धा चालते.

जुन्या मठवासींनी याच रीतीला नीट नाव आणि क्रम दिला होता. बाराव्या शतकातल्या गिगो या संन्याशाने त्याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवासमोर असणं. पायऱ्या काटेकोर पाळायची गरज नाही. वाचून झाल्या-झाल्या उठून जायचं नाही, एवढं त्यातून घेतलं तरी पुरे.

वही

लहान वही, रोज एक ओळ: तारीख, भाग आणि एक वाक्य. ‘मार्क ४:३५–४१. उशी.’ एवढंही चालतं. पानभर लिहायला गेलात तर वही आठ दिवसांत बंद पडेल, आणि तिच्याबरोबर वाचनही. न कळलेल्या गोष्टी शेवटच्या पानावर प्रश्न म्हणून साठवा. काही प्रश्न पुढच्या वाचनातच सुटतात. ते खोडताना फार बरं वाटतं.

दिवस चुकला तर

चुकणारच. आजारपण, प्रवास, भांडण, किंवा काहीच कारण नाही. अशा वेळी नियम एकच: राहिलेलं भरून काढायचं नाही.

हे ऐकायला बेशिस्त वाटतं, म्हणून आकडे बघा. संपूर्ण प्रोटेस्टंट बायबलचे अध्याय ११८९. वर्षात संपवायचे तर दिवसाला तीनाहून थोडे जास्त. चार दिवस चुकले की पाचव्या दिवशी पंधरा-सोळा अध्याय अंगावर येतात. ते कोणी वाचत नाही. वाचलेच तर डोळे ओळींवरून घसरतात आणि मनात फक्त ‘किती उरले’ एवढंच असतं. मग सहावा दिवसही चुकतो. आता प्रश्न वाचनाचा राहत नाही, कर्जाचा होतो. आणि कर्ज थकलं की माणूस सावकाराचं दार टाळतो तसं आपण पुस्तक टाळायला लागतो. प्रार्थनाही टाळतो, कारण तिथे गेलं की ‘वाचलं नाहीस’ हे आठवणार.

यावर उपाय अगदी साधा आहे. तुमच्या योजनेत छापील तारखा असतील तर त्या खोडा आणि क्रमांक घाला: १, २, ३. सोमवारी सात झाला, मग तीन दिवस काहीच झालं नाही, तर शुक्रवारी आठ. अकरा नाही, आणि आठ-नऊ-दहा-अकरा एकदम तर मुळीच नाही. कोणी वर्षात संपवतं, कोणी तीन वर्षांत. आजचा भाग तेवढा आजचा.

एका वर्षात बायबल वाचण्याची सर्वांत गाजलेली योजना रॉबर्ट मरी मॅकचेन या स्कॉटलंडमधल्या तरुण पाळकाची, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरूची. १८४२ मध्ये त्याने ती डंडी इथल्या आपल्या मंडळीसाठी काढली. रोज चार अध्याय. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. पुढच्याच वर्षी, वयाच्या २९व्या वर्षी तो वारला. योजना आजही वापरात आहे. गंमत अशी की त्या योजनेचे फायदे सांगण्याआधी त्याने तिचे धोके लिहिलेत: उपचारापुरतं वाचन, स्वतःच्या धार्मिकतेचा गर्व, बेपर्वा वाचन, आणि काहींना न पेलणारं जू. योजना करणाऱ्यालाच हे दिसत होतं. आपण मात्र तक्ता घेतो आणि प्रस्तावना सोडून देतो.

ॲपमधली ‘सलग इतके दिवस’ ही मोजणी मला म्हणूनच थोडी संशयास्पद वाटते. सुरुवातीला तिचा आधार होतो, हे खरं. पण शंभराव्या दिवशी साखळी टिकवायला रात्री पावणेबाराला घाईने एक वचन उघडून बंद केलं जातं, तेव्हा आपण नक्की काय टिकवतोय ते विचारावं.

मन लागत नसेल तेव्हा

त्या दिवसासाठी स्तोत्रसंहिता राखून ठेवा. नेहमीचा भाग बाजूला ठेवून एक स्तोत्र, मोठ्याने. क्रमाने जायची गरज नाही. ११७वं स्तोत्र दोनच वचनांचं आहे. ११९वं मात्र १७६ वचनांचं, हिब्रूच्या बावीस अक्षरांवर आठ-आठ वचनं बांधलेलं. ते एका दिवसात उरकायला जाऊ नका. आठाचा एक तुकडा घ्या, बावीस दिवस पुरेल.

स्तोत्रं म्हणजे स्तुतीच, असा समज असतो. प्रत्यक्षात त्यात विलापांची संख्या मोठी आहे. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे, आणि पुढे दिलासा देणारं एकही वचन जोडलेलं नाही. कोरडेपणाच्या दिवशी खोटा आनंद आणून वाचायची काहीच गरज नाही, हे मला या स्तोत्राने शिकवलं.

न कळणाऱ्या आणि बोचणाऱ्या जागा

त्या येतील. यहोशवातली लढाई येईल, १३७व्या स्तोत्राचं शेवटचं वचन येईल. तिथे दोन चुका होतात: एक तर ते वाचलंच नाही असं दाखवणं, नाहीतर तिथेच रुसून बसणं. वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न लिहा आणि पुढे चला. नुसत्या नावांच्या याद्या, उदाहरणार्थ १ इतिहासचे पहिले नऊ अध्याय, पहिल्या खेपेला नजर फिरवून सोडले तरी चालतं.

एकट्याने सगळं कळलं पाहिजे असंही नाही. तो रथातला खजिनदार, ‘वाचतोस ते कळतं का?’ असं विचारल्यावर, कोणी सांगितल्याशिवाय कसं कळणार, असं सरळ म्हणतो आणि फिलिप्पाला शेजारी बसवून घेतो. तुमचे पाळक, फादर किंवा वाचनात मुरलेली एखादी मावशी यांना प्रश्न न्या. आठवड्यातून एकदा एखाद्या मित्राशी बोला. फक्त ‘वाचलंस का?’ असं एकमेकांना विचारू नका. ती हजेरी होते. ‘काय वाचलंस?’ असं विचारा.

मार्क संपल्यावर

आता लूक घ्या आणि त्याच्यामागोमाग प्रेषितांची कृत्ये. दोन्ही एकाच लेखकाची, थियफिल नावाच्या एकाच माणसाला लिहिलेली. २४ आणि २८ मिळून ५२ अध्याय. मग फिलिप्पैकरांस आणि याकोब ही छोटी पत्रं, त्यानंतर योहान. जुन्या करारात उत्पत्ती, निर्गमचे पहिले वीस अध्याय, रूथ आणि शमुवेलची दोन पुस्तकं: गोष्टीची सलग वाट आहे ही. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याच्या तारखेप्रमाणे अधूनमधून वाचता येतात. आज १२ तारीख, तर बारावा अध्याय, मागचं काही देणं नाही.

पुरा नवा करार वाचायचा असेल तर त्याचे अध्याय २६० आहेत. आठवड्याला पाच म्हणजे बरोबर ५२ आठवडे, आणि दर आठवड्याला दोन दिवस मोकळे. माझ्या माहितीतली ही सगळ्यात दयाळू योजना. कॅथलिक वाचकांना मिस्साच्या वाचनांचा क्रमही धरता येतो. रविवारची शुभवर्तमानं तीन वर्षांच्या फेऱ्यात येतात, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. घरी वाचलेलं रविवारी पुन्हा ऐकू येतं, हा त्याचा मोठा फायदा.

लेवीयचं काय, असं विचाराल. मी तिथे परत गेलो, पण उत्पत्तीच्या बाजूने नाही. मार्कच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येशूसमोर गुडघे टेकतो. येशू त्याला हात लावतो, बरं करतो आणि सांगतो: जा, याजकाला दाखव, आणि मोशेने नेमून दिलंय ते अर्पण कर. मोशेने काय नेमून दिलं होतं? समासात छोटा संदर्भ होता: लेवीय १४. पान काढलं. बरा झालेल्या माणसासाठी दोन जिवंत पक्षी आणायचे. एक वाहत्या पाण्यावर, मातीच्या भांड्यावर मारायचा. दुसऱ्याला त्याच्या रक्तात बुडवून, त्या माणसावर सात वेळा शिंपडून झालं की मोकळ्या रानात सोडून द्यायचं. माझी फीत त्याच्या एकच अध्याय अलीकडे अडकून पडली होती.